पिढी बदलली, पण श्रम?

'हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर, चाळिशी उलटल्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी ते उच्चारलेही आहे. माझा व्यवसाय शिक्षकाचा. त्यामुळे ते माझ्या तोंडी जरा अधिकच येत असे.

ही तक्रार नवी नाही; परंतु ती नेहमी वडीलधाऱ्यांनीच केली, असेही नाही. १८४८ साली 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची 'शतपत्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत आपल्या समाजातील आळस व निरुद्योग यांवर कठोर कोरडे ओढलेले आहेत. तेव्हा लेखकाचे वय होते अवघे पंचवीस! म्हणजे त्या वेळी तरुण बोलत होता आणि वडील मंडळींना ऐकावे लागत होते.

आता आपल्या खातेगावकडे पाहू. नर्मदेच्या उत्तरेचा हा भाग पूर्वी होळकरांच्या राज्यात होता. आज तो मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात मोडतो. माळव्याच्या काळ्या मातीतील पुष्कळशी जमीन पूर्वी पावसाळ्यात पड ठेवीत. भिजलेल्या चिकण मातीत काम करणे कठीण. म्हणून उघडीप मिळेल तेव्हा वखर फिरवावयाचा, ओल राखावयाची आणि रब्बीत गहू-हरभरा पेरावयाचा, अशी रीत होती. त्या पड जमिनीकडे पाहून आजोबांना कोणी आळशी म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. १९७० नंतरच्या काळात सोयाबीन आले. सुमारे शंभर दिवसांत ते पीक काढावयाचे आणि लगेच गव्हाची तयारी करावयाची. ट्रॅक्टरने बैलांमागची पायपीट वाचवली, हे खरे. परंतु जेथे एक पीक होते तेथे दोन आली, आणि त्यांबरोबर बी, खत व इंधन यांचा खर्च आणि त्याची विवंचनाही आली.

याचा अर्थ मला एका मुलाने शिकवला. हिवाळ्यात तो वर्गात रोज पेंगत असे. एके दिवशी मी त्याला सर्वांसमक्ष उभे करून नव्या पिढीवर चांगले व्याख्यान झोडले. तो काहीच बोलला नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले, की शेतपंपाची वीज रात्री येत असल्याने तो वडिलांबरोबर कडाक्याच्या थंडीत गव्हाला पाणी देत असे, आणि तरीही सकाळी शाळा चुकवीत नसे. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली, तीही सर्वांसमक्ष.

राहणीमान बदलले आहे, यात शंका नाही. पहाटेचे जाते थांबले, गिरणी आली. पायवाटेची जागा मोटारसायकलीने घेतली. हातात मोबाईल आला. त्यात वेळ दवडणारी मुलेही आहेत. पण पूर्वी पारावर वेळ दवडणारे नव्हते काय? आपण आपल्या तरुणपणातले कष्ट आठवतो, आणि आजच्या तरुणांची मात्र विश्रांती पाहतो. तुलना येथेच चुकते.

म्हणून एवढीच विनंती: एखाद्या मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी, तो रात्री कोठे होता, हे एकदा आपुलकीने विचारावे. मला ते उशिरा सुचले.