संत तेरेजा व तिनें सोडलेली प्रार्थना

ध्यानप्रार्थनेची गुरु म्हणून आविलाची संत तेरेजा सर्व जगांत ओळखली जाते. २७ सप्टेंबर १९७० रोजीं पोप सहावे पौल यांनीं तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता ठरविलें. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. परंतु याच संतिणीनें एकदां वर्षाहून अधिक काळ ध्यान टाकून दिलें होतें, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तिनें स्वतःच तें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे.

तेरेजेचा जन्म स्पेन देशांतील आविला नगरांत १५१५ सालचा. १५३५ सालीं ती कार्मेल मठांत शिरली. पुढें मोठें दुखणें आलें. उपचारासाठीं जात असतां वाटेंत चुलत्यानें तिच्या हातीं ओसुना नामक फ्रान्सिस्कन साधूचें एक पुस्तक दिलें. मन एकवटून, फारसे शब्द न योजतां, प्रभूच्या सान्निध्यांत कसें बसावें हें ती त्यांतून शिकली, आणि तिनें तें आपल्या पित्यासही शिकविलें. पिता त्या मार्गानें झपाट्यानें पुढें गेला. कन्या मात्र मठांत भेटीस येणाऱ्यांच्या गप्पागोष्टींत रमली. मग आपणांसारख्या अपराधिनीनें प्रभूशीं जवळीक कोणत्या तोंडानें करावी, असें वाटून तिनें ध्यानच सोडलें. पित्यापाशीं तिनें प्रकृतीचें निमित्त सांगितलें. त्या भोळ्या जिवानें तें खरें मानलें, उलट तिची कींव केली! १५४३ सालीं तो वारला. ज्या दोमिनिकन धर्मगुरूपाशीं तो पापनिवेदन करी, त्यांनींच तिला पुन्हां प्रार्थनेस लाविलें. नम्रतेच्या वेषांत आलेला तो मोह आपल्यावर आलेल्या मोहांत सर्वांत भयंकर होता, असें ती लिहिते.

पुन्हां आरंभ केला, म्हणून गोडी आली असें नव्हे. कित्येक वर्षें तिचा कान घड्याळाच्या ठोक्याकडे लागलेला असे; केव्हां एकदां तास संपतो! (सेमिनरींत पहाटेच्या ध्यानाला आमचीही तीच गत होती, हें वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगूं!) पुस्तक जवळ असल्यावांचून ध्यानास बसण्याचें तिला धैर्य होत नसे. १५५४ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीजवळ, मठांत आणून ठेविलेली घायाळ ख्रिस्ताची एक प्रतिमा तिच्या दृष्टीस पडली. ती तिच्यापुढें अश्रू ढाळीत कोसळली. तेथून तिची प्रार्थना पालटली.

याच ग्रंथांत ती आत्म्यास मळ्याची उपमा देते. मळ्यास पाणी चार परींनीं मिळतें: विहिरींतून हातानें शेंदून, रहाटानें, ओढ्याच्या पाटानें, आणि पावसानें. ज्यांच्या वाडवडिलांनीं वसईच्या वाड्यांत रहाट चालविले, त्यांस हा दृष्टांत उलगडून सांगावयास नको. पाऊस देव पाडतो, त्यांत माळ्याचे कष्ट मुळींच नाहींत. नवशिक्याच्या वांट्यास मात्र शेंदणेंच येतें. आणि विहीर कोरडी निघाली तर? तरीही माळ्यानें पोहरा सोडीत असावें, असें ती सांगते. स्वतः तिनें तो अठरा वर्षें सोडला होता.