मेघनेच्या मुखावर : भोला बेटाची दीडशे वर्षे

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन नद्यांचे पाणी एकत्र होऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे नद्यांनी आणलेल्या गाळातून जी बेटे तयार झाली, त्यांत भोला सर्वांत मोठे. पूर्वेला मेघना, पश्चिमेला तेंतुलिया, दक्षिणेला समुद्र. आज हा बांगलादेशातील एक जिल्हा आहे. ब्रिटिश कागदपत्रांत बेटाचे नाव दक्षिण शाहबाजपूर असे येते. येथील बरीचशी जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. भात, सुपारी, नारळ, हिल्सा मासे आणि चरांवर मोकळ्या चरणाऱ्या म्हशींच्या दुधाचे कच्चे दही ही बेटाची ओळख. दुसरी ओळख चक्रीवादळाची. १९७० च्या ज्या वादळाने तीन ते पाच लाख माणसे नेली, त्याला जगाने या बेटाचेच नाव दिले.

अशा बेटाच्या इतिहासाकडे आपण सहसा निसर्गाच्या कोपाची कहाणी म्हणून पाहतो. पण वादळ कोठे येणार हे निसर्ग ठरवत असला, तरी त्यात कोण मरणार हे बऱ्याच अंशी माणसेच ठरवतात. भोलाच्या दीडशे वर्षांत हे तीनदा दिसते.

त्याआधी जमिनीची गोष्ट समजून घ्यायला हवी. येथे नदी एका काठाची जमीन खाते आणि दुसरीकडे नवा चर उभा करते. बुडालेल्या जमिनीला ‘शिकस्ती’ आणि पुन्हा वर आलेलीला ‘पयस्ती’ म्हणतात. ही जमीन कोणाची, यासाठी कंपनी सरकारने १८२५ मध्ये खास कायदा केला. काठाला हळूहळू जोडली गेलेली जमीन लगतच्या धारकाची. मोठ्या नदीच्या मध्यावर, सहज ओलांडता न येणाऱ्या प्रवाहापलीकडे उगवलेले बेट सरकारचे. कायदा स्पष्ट होता, चर मात्र ज्याच्याकडे लाठीवाले जास्त त्याच्या ताब्यात जाई. जमीनदार आणि त्यांचे मध्यस्थ सर्वांत गरीब कुळांना सर्वांत नव्या, म्हणजेच सर्वांत सखल आणि समुद्राच्या तोंडावरच्या जमिनीवर बसवत. भात उत्तम पिके. पण राहणाऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्ये काहीच नसे.

३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री समुद्र आत आला. त्या रात्री भोला आणि आसपासच्या किनाऱ्यावर दोन लाखांहून अधिक लोक बुडाल्याचा सरकारी अंदाज होता. बेटावरचे मुख्य ठाणे असलेले दौलतखान उद्ध्वस्त झाले आणि कारभार भोला गावी हलवावा लागला. जे वाचले ते मुख्यतः घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या दाट बागांमुळे. लाटेने उचललेली माणसे झाडांत अडकली आणि तगली. नव्या चरांवर अशा जुन्या बागा नव्हत्या. पाठोपाठ पटकीची साथ आली आणि तिनेही प्रचंड संख्येने माणसे नेली.

या भागाची पाहणी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी स्वतः फिरून केली. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. १८७४ च्या बिहार दुष्काळात भरमसाट खर्च केल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता. १८७६ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की शेतात पीक उभे आहे, लोक स्वतःच सावरतील. सरकारी मदत थोडीच हवी. ती थोडीच दिली गेली आणि लवकर आटोपली. काही आठवड्यांतच ते दुष्काळाच्या पाहणीसाठी दक्षिणेत आले आणि प्रौढ मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व वर एखादा आणा हे कुप्रसिद्ध ‘टेंपल वेतन’ त्यांच्या नावावर जमा झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला कडाडून विरोध केला. १८७७ मध्येच ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मेघनेच्या काठी आणि दख्खनच्या माळावर एकाच हिशेबी दृष्टीने माणसांकडे पाहिले गेले.

दुसरा प्रसंग १२ नोव्हेंबर १९७० चा. कार्तिक पौर्णिमेचे उधाण आणि वादळाची लाट एकाच वेळी आली. पाणी काही ठिकाणी वीस फुटांहून उंच चढले. तजुमुद्दीन या एका भागातील निम्म्याच्या जवळपास माणसे गेली. पुढे झालेल्या पाहणीत जे आढळले ते आजही अस्वस्थ करते. वादळ येत आहे हे नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ठाऊक होते. पक्क्या इमारतीत आसरा घेणारे मात्र जेमतेम एक टक्का. ऑक्टोबरात असाच इशारा मिळाला होता आणि फारसे काही घडले नव्हते. शिवाय जायचे कोठे? पक्की इमारत होतीच कुठे? मृतांपैकी निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुले होती. वाचलेल्यांच्या दंडांवर, छातीवर, मांड्यांवर खोल ओरखडे होते: रात्रभर झाडाला कवटाळून राहिल्याच्या खुणा. ज्याच्या हातात बळ होते तो जगला. कापणीसाठी बाहेरून आलेल्या मजुरांची तर नीट मोजदादही होऊ शकली नाही. चित्रकार झैनुल आबेदीन मदतीसाठी जवळच्या मनपुरा बेटावर गेले होते. त्यांनी ‘मनपुरा ७०’ या लांबलचक गुंडाळीचित्रात प्रेतांच्या राशी काळ्या शाईत उभ्या केल्या.

मदतीला झालेल्या दिरंगाईने पूर्व पाकिस्तानात संताप उसळला. ७ डिसेंबरला निवडणूक झाली. वादळग्रस्त भागात ती १७ जानेवारी १९७१ ला घ्यावी लागली. अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. बांगलादेश केवळ वादळामुळे जन्मला असे म्हणणे चूक ठरेल. भाषा, सत्ता आणि पैसा यांचे तंटे जुने होते. मात्र राज्यकर्ते आपल्याला किती मोजतात, याचे उत्तर त्या नोव्हेंबरात घरोघरी पोहोचले.

तिसरा प्रसंग मात्र सावकाश घडला आणि म्हणूनच त्याची बातमी झाली नाही. १९७२ पासून रेड क्रॉसच्या पुढाकाराने किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. गावातलाच माणूस भोंगा घेऊन, निशाण लावून दारोदार सांगू लागला. गुराढोरांसाठी मातीचे उंच ‘किल्ले’ बांधले गेले, कारण बैल सोडून शेतकरी घर सोडत नाही. खांबांवरच्या शाळा वादळात निवारा झाल्या. नव्या चरांवर केओरा या तिथल्या खारफुटी वृक्षांची रोपवने उभी राहिली. फळ लगेच मिळाले नाही: १९९१ च्या वादळात किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. पण २००७ च्या ‘सिडर’मध्ये हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता आणि २०२० च्या ‘अम्फान’पूर्वी सुमारे २४ लाख लोक हलवले गेले, बांगलादेशातील मृत्यू दोन आकड्यांतच राहिले. समुद्र तोच होता.

यावरून भोलाचा प्रश्न सुटला असे नाही. वादळ एका रात्रीत मारते, नदी मात्र रोज थोडे थोडे अंगण नेते आणि तिच्यासाठी कोणी भोंगा वाजवत नाही. १९७२ मध्ये बुडून वर आलेली जमीन सरकारजमा करण्याचा नियम झाला. १९९४ मध्ये तो बदलून तीस वर्षांत जमीन वर आल्यास मूळ मालकाला हक्क मिळाला. पण जिथे गावच उरत नाही, तिथे तीस वर्षे कागद जपून वाट कोण पाहील? ढाक्याच्या मिरपूर भागात ‘भोला बस्ती’ नावाची झोपडपट्टी आहे. वादळाने आणि नदीने हाकललेले बेटकरी तेथे येऊन राहिले आणि त्यांच्यामागून त्यांच्या गावाचे नाव आले. मरणापासून माणसांना कसे वाचवायचे, हे भोलाने जगाला शिकवले; वाचलेल्या माणसाने उभे राहायचे कोणत्या जमिनीवर, हा १८२५ चा प्रश्न मात्र तसाच शिल्लक आहे.