‘वाढीव’ या शब्दाचा बेलापुरी इतिहास

खण म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना चोळीचा खण आठवतो, फार तर टेबलाचा. घरालाही खण असतो, हे त्यांना सांगावे लागते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते अंतर हाती असलेल्या लाकडाच्या लांबीवर ठरे. घर केवढे, या प्रश्नाचे उत्तर चौरस फुटांत न देता खणांत दिले जाई : तीन खणांचे, पाच खणांचे. या मोजणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती. तीन खणांच्या घराला चौथा खण जोडता येतो. थोरल्याचे लग्न ठरले की खण वाढे, गुरे वाढली की पडवी पुढे ओढली जाई, जागा अगदीच पुरेना झाली की माळा घातला जाई. घरधनी, सुतार आणि गवंडी यांच्यात हे तोंडी ठरे. अडचण येई ती सामाईक भिंतीची आणि वळचणीच्या पाण्याची. ते पाणी कोणाच्या अंगणात पडावे यावरून भाऊबंदकी कोठवर जाते, हे जुनी खरेदीखते चाळणाऱ्यांस सांगायला नको.

आज ‘वाढीव’ हे विशेषण ‘बांधकाम’ या नामाला लागले की ते नोटिशीच्या भाषेत बोलू लागते. घर वाढणे ही घराची स्वाभाविक अवस्था होती. ती गुन्ह्याच्या जवळ जाऊन कशी बसली? आम्ही भाषेचे शिक्षक, वास्तुशास्त्राचे नव्हे. परंतु शब्दाच्या अर्थाला लागलेले हे वळण समजून घ्यायचे तर वास्तूंकडेच जावे लागते. त्यासाठी आम्ही बेलापूर निवडले आहे, कारण ‘वाढीव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकाच दशकात, एकाच महामंडळाच्या छत्राखाली, एकमेकांच्या शेजारी नांदताना दिसतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेस न्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६४ मध्ये मांडली आणि १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून ती विस्ताराने वाचकांपुढे आली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन या नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. कोरिया सुरुवातीच्या काही वर्षांत प्रकल्पाचे मुख्य वास्तुविशारद होते. एका लेखातली कल्पना पाच-सहा वर्षांत शासकीय धोरण व्हावी, असे आपल्याकडे क्वचितच घडते; तेवढ्यापुरता हा इतिहास उमेद देणारा आहे.

कोरिया पद सोडून गेले तरी विषय सोडून गेले नव्हते. १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, त्यांनी सिडकोसाठी एक वसाहत उभारली. तिला आज सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सुमारे साडेपाचशे कुटुंबांची ही वस्ती. इमारती नाहीत, लिफ्ट नाही. बुटकी, उतरत्या कौलारू छपरांची, चुन्याने रंगवलेली घरे. सात घरे एका चौकाभोवती, आणि तो चौक साधारण ८ मीटर लांब-रुंद. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरे, त्यांच्या मधोमध जरा मोठा, १२ मीटरांचा चौक. त्या तिघांच्या मध्ये त्याहून मोठा. वाड्यातला चौक, आळीचा चौक आणि गावाचा पार यांची जी चढती भांडणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे, तीच येथे आकड्यांत बसवलेली दिसते.

चौकांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हांस मात्र या आराखड्यातली महत्त्वाची गोष्ट चौक वाटत नाही, भिंत वाटते. ही घरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की पाहणाऱ्याला त्या बैठ्या चाळी वाटाव्यात. तरीही कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. प्रत्येकाची भिंत आपापली, प्रत्येकाचा भूखंड आपापला. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. एका भिंतीत भागत असता दोन भिंती कोण बांधील? म्हाडाच्या, सिडकोच्या इतर ओळघरांत तशी काटकसर केलेलीच होती. परंतु ज्याने ओळघरावर मजला चढवून पाहिला आहे, त्याला ह्या दुसऱ्या भिंतीची किंमत कळेल. सामाईक भिंतीवर तुळई टेकवायची तर शेजाऱ्याची संमती लागते; भिंतीला चीर गेली की दोष कोणाचा हे ठरत नाही; आपल्या गच्चीचे पाणी त्याच्या माजघरात उतरते. वर्षानुवर्षांचा शेजार एका स्लॅबपायी तुटतो. कोरियांनी ती दुसरी भिंत बांधून हे भांडण जन्माआधीच मिटवले. वळचणीच्या वादाला यापेक्षा शहाणे उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

भूखंडांच्या आकारातही एक विचार होता. गरिबाचे घर एका खोलीपासून सुरू होणार, सुखवस्तू माणसाचे पुरते बांधलेले. पण जमिनीत मात्र फारसे अंतर नाही, सुमारे ४५ चौरस मीटरांपासून ७० च्या आसपास. आज ज्याच्यापाशी एका खोलीपुरतेच पैसे आहेत, त्याला उद्या दुसरी बांधायला जागा असली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. रचना इतकी साधी की स्थानिक गवंड्याला ती बांधता यावी आणि बदलताही यावी. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात कोरियांनी घरबांधणीची जी मूलतत्त्वे सांगितली, त्यांत टप्प्याटप्प्याने वाढण्याची क्षमता हे एक होते. समता, रहिवाशांचा सहभाग, उघड्या आभाळाखालची जागा ही त्याच्या शेजारची काही. ही कल्पना त्यांना बेलापुरात अचानक सुचली नव्हती. पेरूची राजधानी लिमा येथे १९६९ च्या सुमारास वाढत्या घरांचा जो आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला, त्यात निमंत्रित परदेशी वास्तुविशारदांमध्ये कोरिया होते. म्हणजे आमचा खण लिमाला वळसा घालून बेलापूरला परत आला, असे म्हणायचा मोह होतो. तो आम्ही आवरतो; कोरियांनी खणाचा उल्लेख कोठे केल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे काय झाले? रेल्वे खाडी ओलांडून १९९२ मध्ये वाशीला आली आणि लवकरच बेलापूरला पोहोचली. जमिनीचे भाव चढले. मूळच्या कौलारू घरांपैकी बरीचशी पाडली गेली आणि त्यांच्या जागी दोन-तीन मजली, स्लॅबची, टाइल्स लावलेली, कठडेदार घरे उभी राहिली. खोलीला खोली जोडत जाण्याचा जो टप्प्याटप्प्याचा मार्ग आराखड्यात होता, त्याने थोडे गेले. पुष्कळांनी एकदम सगळे उतरवून नव्याने बांधले. वास्तुकलेचे विद्यार्थी येथे सहलीला येतात तेव्हा उरलेली जुनी घरे शोधत फिरतात, आणि लिहिणारे हळहळतात की एका थोर वास्तूची रहिवाशांनी माती केली.

हा हळहळीचा सूर आम्हांस मान्य नाही. घर वाढावे म्हणून ज्याने दुसरी भिंत बांधली, त्याचे घर वाढले म्हणून शोक कशाचा? ज्या गोष्टीसाठी ही वसाहत रचली होती, ती गोष्ट झाली. कौलांचा उतार गेला. पण भूखंड टिकले, बहुतेक चौक टिकले, आणि शेजाऱ्याच्या परवानगीवाचून प्रत्येकाला आपले घर हवे तसे बांधता आले. मात्र एक उणीव खरी आहे, आणि तिची चर्चा फार होत नाही. पहिले घर जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने रेखाटले. दुसरे घर, म्हणजे ज्यात कुटुंब प्रत्यक्षात पुढची तीस वर्षे राहणार ते, बहुधा ठेकेदाराच्या डोक्यातून आले. वाढीची कल्पना नामवंताची, वाढ मात्र अनाथ. वाटपानंतर पाच, दहा, पंधरा वर्षांनी एखाद्या कारकुनाने दाराशी येऊन ‘वर एक खोली काढायची आहे, वारा कोठून येईल?’ असे विचारावे, आणि त्याला रास्त मोलात उत्तर देणारा कोणी जवळ असावा, अशी व्यवस्था आपल्याकडे रुजली नाही. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी कोणी लावावी हे ठरवले. मध्यमवर्गीय मराठी बोलीत मात्र आर्किटेक्ट म्हणजे ‘प्लॅन पास करून देणारा’ हाच अर्थ चालतो. तो अर्थ लोकांनी अज्ञानातून दिलेला नाही, अनुभवातून दिला आहे. त्याच्याकडून हवी असते ती सही. जिना कोठे काढावा हे मिस्त्रीला विचारले जाते. मिस्त्रीची आम्ही येथे निंदा करीत नाही. कित्येक उपनगरी घरे त्याच्याच अकलेवर उभी आहेत.

तरीही आर्टिस्ट व्हिलेजच्या रहिवाशाला एक गोष्ट लाभली होती : त्याच्या घराची वाढ कोणीतरी आधी कल्पिलेली होती. आता त्याच शहरातल्या गावठाणांकडे पाहू.

आगरी आणि कोळी कुटुंबांची ही गावे सिडकोच्या कितीतरी आधीची. महसूल कायद्याप्रमाणे गावठाणाची एक हद्द असते. तिच्या आत वस्ती, बाहेर शेती. ही रेघ जुनी, आणि कुटुंबे मात्र रेघेला विचारून वाढत नाहीत. पूर्वी गावठाण भरले की लोक लगतच्या आपल्याच शेतात घर घालीत, आणि सवडीने गावठाण विस्तारही मंजूर होई. नव्या शहरासाठी जमिनी संपादित होऊ लागल्या, तेव्हा कुटुंबाच्या हातून नुसते भातशेत गेले नाही. पुढच्या मुलाच्या घराची जागाही गेली. गावठाण विस्तार वेळेवर झाला नाही. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि घरे रेघ ओलांडून गेली. ज्या जमिनीवर ती गेली ती कागदोपत्री आता महामंडळाची होती.

तारखा शेजारी मांडून पाहाव्यात. आर्टिस्ट व्हिलेजचे काम १९८३ ला सुरू होते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईजवळ दास्तान फाट्यावर व नवघर येथे, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार होतो आणि पाच जण प्राणांस मुकतात. त्याच १९८४ मध्ये कोरियांना ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक मिळते. यातून कोरियांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पदकाचा आणि गोळीचा संबंध जोडणे स्वस्त ठरेल. पण एकाच नव्या शहरात एका कुटुंबाची वाढ आराखड्यात धरली गेली होती आणि दुसऱ्या कुटुंबाची वाढ मोजलीच गेली नव्हती, ही वस्तुस्थिती पदकामुळे बदलत नाही. त्या आंदोलनातून पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. ती मोठी मिळकत होती, याबद्दल वाद नाही. परंतु तोवर घरे बांधून झाली होती, आणि भूखंड मिळाला तरी आजोबांच्या ओटीला लागून असलेली खोली त्यावर उचलून नेता येत नाही.

या घरांसाठी नवी मुंबईच्या लोकांनी एक शब्द घडवला : ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. शब्द घडताना पाहण्याची संधी भाषेच्या अभ्यासकाला फार वेळा मिळत नाही. ‘अनधिकृत’ हे नकाराचे विशेषण. त्याला ‘अधिकृत’ म्हणून उत्तर देता येत नव्हते, कारण कागद नव्हता. म्हणून लोकांनी अधिकाराची बाजू सोडली आणि कारण सांगितले. ‘पोटी’ या प्रत्ययासारख्या शब्दाने येथे मोठे काम केले आहे. रागापोटी, मायेपोटी, तसे गरजेपोटी. शिवाय त्यात पोटही आहे. हा शब्द मोर्च्याच्या फलकावरून निवेदनात, निवेदनातून वर्तमानपत्रात आणि तेथून शासनाच्या कागदांत गेला. आर्टिस्ट व्हिलेजच्या आराखड्यात घर वाढण्याला ‘तत्त्व’ म्हटले होते. गावठाणात त्याच क्रियेला आधी ‘अतिक्रमण’ म्हटले गेले, मग ‘गरज’. विटा, सिमेंट आणि बहुधा मिस्त्रीही त्याच जातकुळीचे.

गरजेच्या नावाखाली व्यापार झाला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक गावांत चार-पाच मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या, काही विकल्या गेल्या; अग्निशमनाचा बंब आत जाणार नाही इतक्या गल्ल्या अरुंद झाल्या. मात्र भाड्याने खोली देणे हे शेत गेलेल्या कुटुंबाचे उत्पन्न होते, हेही ध्यानात घ्यावे. घरातून उत्पन्न मिळावे, हे कोरियांच्या तत्त्वांपैकीच एक होते. आणि वाढ अटळ आहे हे आधी मान्य केले असते, तर गल्लीची रुंदी राखणे अवघड नव्हते. कांदिवलीच्या चारकोपला, जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नगरविकास प्रकल्पात, लोकांना लहान भूखंड आणि पाणी-रस्ते यांची सोय दिली गेली. घर ज्याने त्याने वाढवावे. ती योजना पुष्कळ काळ फसलेली मानली गेली. तिचा फेरअभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निष्कर्ष उलट निघाला : वस्ती भरली होती, घरे मजल्यामजल्याने वाढली होती, आणि निरनिराळ्या मिळकतीचे लोक एकत्र राहत होते. आधी रस्ता आणि चौक आखून ठेवले की वाढ त्यांना सहसा गिळत नाही, एवढे चारकोप व आर्टिस्ट व्हिलेज ही दोन्ही उदाहरणे दाखवतात.

गावठाणांच्या बाबतीत क्रम उलटा झाला. घरे आधी झाली आणि आखणी मागाहून येत आहे. ही घरे नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले. २०२२ सालच्या निर्णयात गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरांचे अंतर धरले गेले. नियमित व्हायचे तर घराचे मोजमाप लागते, नकाशा लागतो, आणि नकाशावर जाणकाराची सही. आजोबांच्या ओटीपासून नातवाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जे कधी कागदावर आले नव्हते, ते आता उलट्या दिशेने कागदावर काढायचे : भिंत आहे तेथे रेघ ओढायची. वास्तुविशारद अखेर या घरांत येतो तो असा, टेप घेऊन, आणि त्याच्याबरोबर टेपचे दुसरे टोक धरायला घरातलाच एखादा मुलगा उभा असतो.