टर्बो गाडीची ताकद मोजायची? आधी डायनो पारखून घ्या

जुन्नर : नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा घेऊन माळशेज घाटातून कल्याण-वाशीला जाणाऱ्या टर्बो डिझेल पिकअप आता गावोगावी आहेत. गाडीची ओढ कमी झाली की मालक टर्बो, पंप, इंजेक्टरवर मोठा खर्च करतो. खर्चानंतर गाडी खरंच सुधारली का, हे डायनोवर कळतं. मात्र डायनो चुकीचा असेल तर आकडाही चुकतो.

डायनो म्हणजे काय?
गाडी जागेवर पट्ट्यांनी बांधून चाकं रोलरवर पळवतात आणि कॉम्प्युटर ताकद मोजतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या धुराच्या चाचण्या अशाच रोलरवर घेते. हिशेब सोपा आहे : टॉर्क (एनएम) गुणिले आरपीएम, भागिले ९५४९ म्हणजे किलोवॅट. ३०० एनएम टॉर्क २५०० आरपीएमला मिळाला तर ७८.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १०७ पीएस.

टर्बोला कोणता चालतो?
साध्या इनर्शिया डायनोत फक्त जड रोलर असतो. गाडी तो किती लवकर पळवते, त्यावरून ताकद काढतात. रोलर हलका असला की जोरदार गाडी काही सेकंदांतच आरपीएमच्या टोकाला जाते. टर्बोला पूर्ण बूस्ट भरायला वेळच मिळत नाही आणि आकडा कमी दिसतो.

लोड डायनोत रोलरला विजेच्या चुंबकावर चालणारा ब्रेक असतो. घाटाच्या चढाला लागतो तसा भार इंजिनावर टाकून गाडी ठरावीक आरपीएमला धरून ठेवता येते. टर्बो गाडीसाठी हाच निवडावा.

जाण्याआधी हे विचारा
- ब्रेक किती ताकद आणि टॉर्क पेलतो? आपल्या गाडीपेक्षा क्षमता जास्त हवी.
- रोलर मोठा एक की लहान दोन? लहान रोलरवर टायर जास्त दबतो, तापतो, घसरतो.
- गाडी फोर बाय फोर असेल तर दोन्ही एक्सलखाली रोलर आहेत का?
- रेडिएटर आणि इंटरकूलरपुढे मोठा पंखा आहे का? उभ्या गाडीला वारा लागत नाही. इंटरकूलर तापला की ताकद घटते.
- धूर बाहेर काढायची सोय आहे का? बंद शेडमधला धूर जिवावर बेततो.
- आकडा चाकावरचा की इंजिनचा? कंपनी इंजिनचा सांगते. गिअरबॉक्स, एक्सल आणि टायरमध्ये काही ताकद जाते, म्हणून चाकावरचा आकडा कमीच येतो.
- हवामानाचं करेक्शन किती लावलं? करेक्शनशिवायचा आकडाही मागा. टर्बो हवेचा दाब बराचसा स्वतः सांभाळतो, त्यामुळे जादा करेक्शनने आकडा फुगतो.

चाचणी कशी घ्यावी?
आधी ऑइल, कूलंट आणि टायर तपासा. चिरलेला टायर रोलरवर फुटू शकतो. दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून तीन-तीन रन घ्या. तिन्ही आकडे जवळपास आले तरच विश्वास ठेवा. बूस्टचा आलेखही छापून घ्या. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी लावू नका.

कायदा लक्षात ठेवा
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘रिमॅप करून ताकद वाढवून देतो’ असं कुणी म्हटलं, तर आधी हे आठवा. आणि दुरुस्तीआधीचा रन ज्याच्याकडे नाही, त्याच्या ‘वाढलेल्या’ आकड्यावर पैसे मोजू नका.