हिरडीची जाडी मोजण्याचा इतिहास : सुई, ध्वनी आणि क्ष-किरण

मापनाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात तुम्ही व्हर्नियर कॅलिपर हाताळता. पट्टीच्या एका बाजूला एक जबडा, दुसऱ्या बाजूला दुसरा, की जाडी मिळाली. आता अशी पट्टी डोळ्यांसमोर आणा, जिची मागची बाजू दाताला आणि हाडाला चिकटलेली आहे, जिची जाडी साधारण एक मिलिमीटर आहे आणि जिला टोचले तर दुखते. ही पट्टी म्हणजे माणसाची हिरडी. ती मोजायची कशी, हा प्रश्न दंतवैद्यकाचा आहे, तसाच मापनशास्त्राचाही आहे.

मोजायचे कशासाठी?

1969 मध्ये ऑक्सेनबाइन आणि रॉस यांनी हिरड्यांचे दोन प्रकार सांगितले : पातळ व कमानदार, आणि जाड व सपाट. पातळ हिरडी दाताच्या मुळाकडे सरकण्याची शक्यता अधिक असते. तिच्याखालून धातूच्या रोपणाची करडी छटाही दिसू शकते. म्हणून रोपण बसवण्यापूर्वी किंवा दात सरकवण्यापूर्वी जाडी माहीत असणे उपयोगी पडते. पुढे 1 मिलिमीटर ही पातळ आणि जाड यांमधली सोयीची सीमा मानली जाऊ लागली.

सर्वांत जुनी रीत सरळ आहे. जागा बधिर करायची, रबरी चकती लावलेली बारीक सुई हाड किंवा दात लागेपर्यंत टोचायची, चकती हिरडीला टेकवायची आणि टोकापासून चकतीपर्यंतचे अंतर मोजायचे. यात चुका कुठे शिरतात, ते तुम्हीच शोधून पाहा : सुई तिरकी जाते, चकती हिरडी दाबते, बधिर करणाऱ्या औषधाने हिरडी किंचित फुगते. शिवाय ज्याला काहीच आजार नाही, त्याला सुई सोसावी लागते.

क्ष-किरणांची उडी आणि मर्यादा

राँटगेन यांनी नोव्हेंबर 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. जानेवारी 1896 मध्ये जर्मनीतील दंतवैद्य ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी ते 25 मिनिटे किरणांसमोर राहिले. अशा चित्रांत दात आणि हाड उमटते, हिरडी जवळपास दिसत नाही. क्ष-किरणांना कॅल्शियम ठळक अडवते. हिरडी, ओठ आणि गाल मात्र किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात.

या तंत्राची किंमत कोणी मोजली, तेही लक्षात ठेवा. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे दंत क्ष-किरणांचे आद्य प्रवर्तक. वर्षानुवर्षे किरणांत हात धरल्याने त्यांची बोटे आणि पुढे हात कापावा लागला. 1928 मध्ये त्यांचा अंत झाला.

1971 : दोन वाटा

1971 मध्ये किड आणि सहकाऱ्यांनी तोंडातील श्लेष्मल आवरणाची जाडी श्राव्यातीत ध्वनीने मोजल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला लंडनमधील विम्बल्डन येथे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले.

ध्वनीचे गणित सोपे आहे. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर धरतात. 1 मिलिमीटर जाडीतून जाऊन परत यायला ध्वनीला 2 मिलिमीटर प्रवास, म्हणजे सुमारे 1.3 मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजा, जाडी काढा. मात्र 5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 0.31 मिलिमीटर असते, त्यामुळे अगदी पातळ थर वेगळे ओळखणे अवघड जाते. 20 मेगाहर्ट्झला ती 0.08 मिलिमीटरपर्यंत उतरते. 1996 मध्ये एगर, म्युलर आणि हाइनेके यांनी याच पद्धतीने हिरडीची जाडी मोजण्याचा अभ्यास मांडला. अडचण राहते ती यंत्राचे टोक नेमके, काटकोनात आणि न दाबता धरण्याची. मागच्या दाढांपाशी ते टोक पोहोचणेही कठीण असते.

सीटीच्या वाटेवर 1990च्या दशकाच्या अखेरीस जबड्यांसाठी कोन बीम सीटी आली. तरीही ओठ हिरडीला टेकलेला असल्याने दोघांची सीमा दिसत नव्हती. 2008 मध्ये हानुआरिओ आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या साधनाने ओठ बाजूला धरून चित्र घेतले. मध्ये हवा आली आणि हिरडीची कड उमटली. यंत्रात काहीही न बदलता केवळ मांडणी बदलून हे साधले.

आता अचूकता तपासू. चित्रातील घनकण 0.2 मिलिमीटरचा असेल, तर 1 मिलिमीटरच्या हिरडीत जेमतेम 5 घनकण बसतात. कडेला एक घनकण इकडचा तिकडे झाला, की 20 टक्के चूक. पातळ आणि जाड यांची सीमाच 1 मिलिमीटर असताना ही चूक निर्णय फिरवू शकते.

मग श्रेष्ठ कोणती?

परीक्षेत हा प्रश्न आला, तर केवळ अचूकतेचा तक्ता देऊन थांबू नका. सुई टोचते, कोन बीम सीटी किरणांची मात्रा देते, ध्वनी यांपैकी काहीच करत नाही, पण हाताचे कौशल्य मागतो. रोपणासाठी सीटी काढायचीच असेल, तर ओठ बाजूला धरून त्याच चित्रातून हिरडीही मोजावी. वेगळी मात्रा लागत नाही. पण धडधाकट माणसाची फक्त हिरडी मोजण्यासाठी त्याला किरणांसमोर बसवायचे असेल, तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मोजणाऱ्याची आहे.

कार्यशाळेतील पट्टीला मोजमापाचे काही सोसावे लागत नाही, माणसाला लागते. म्हणून माणसावरचे कोणतेही मापन निवडताना लघुतम मापाबरोबर हेही वहीत लिहा : या आकड्याची किंमत कोण देणार आहे, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळणार आहे?