मुक्ती मिशनचे दुष्काळकार्य

ख्रिस्ती सेवाभावातून उभे राहिलेले मदतकार्य. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) मध्य प्रांतात गेल्या. गरीबखान्यांतील निराधार मुली व बालविधवा त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या (ता. दौंड) शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. अंगावर नुसती हाडे उरलेल्या या मुलींना न्हाऊमाखू घालण्यापासून सुरुवात करावी लागली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. रमाबाईंनी किशोरवयातच दुष्काळात आईवडील गमावले होते. त्या अनुभवातून आलेली कळकळ या कामात दिसते. शिधा वाटून न थांबता मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली, हे या कार्याचे खरे मोठेपण. केडगावची मुक्ती मिशन ही संस्था आजही चालू आहे.