ट्रान्सफर फी आणि रेल्वेचा पास

आजचा विषय हिशेबाचा आहे, पण घाबरू नका. मी घाटकोपरचा आहे, म्हणून रेल्वेच्या पासपासूनच सुरुवात करतो. तिमाही पासचे पैसे एकाच दिवशी जातात, पण खर्च आपण तीन महिन्यांवर वाटून धरतो. बरोबर ना? फुटबॉल क्लब ट्रान्सफर फीचं हेच करतात. १० कोटींचा खेळाडू, ५ वर्षांचा करार, म्हणजे दरवर्षी २ कोटी खर्च. याला म्हणतात अमॉर्टायझेशन.

पूर्वी असं नव्हतं. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब सगळी फी त्याच वर्षी खर्ची टाकायचे. १९८९ मध्ये टॉटनहॅमने खेळाडूंना मालमत्ता म्हणून ताळेबंदात घेतलं. १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपला की खेळाडू मोकळा, फी शून्य. म्हणजे कराराची मुदत हेच खेळाडूचं वहीतलं आयुष्य. डिसेंबर १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये नवा नियम आला आणि ही पद्धत सगळ्यांना लागू झाली.

मग पळवाटही निघाली. २०२३ मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडिससाठी सुमारे १०.७ कोटी पाउंड मोजले, करार साडेआठ वर्षांचा! वर्षाचा बोजा सुमारे सव्वा कोटी पाउंड. पाच वर्षांत वाटला असता तर दोन कोटींच्या वर गेला असता. त्याच वर्षी युएफाने पाच वर्षांची मर्यादा घातली.

आता आपल्या मुंबईत या. एअर इंडिया, आरसीएफ अशा ऑफिसच्या टीममध्ये खेळाडू म्हणजे नोकरदार. त्याचा पगार हा त्या वर्षाचा खर्च, मालमत्ता वगैरे काही नाही. पण बूट टांगले तरी टेबल-खुर्ची होती. पुढे काळ बदलला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारी महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. २०१४ मध्ये आयएसएल आली, आणि २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले.

मला खटकतं ते एवढंच: क्लबने स्वतः घडवलेल्या पोराची वहीत किंमत शून्य, कारण त्याच्यासाठी फी दिलेलीच नसते. १० कोटींचा तो खेळाडू तीन वर्षांनी ७ कोटींना विकला, तर वहीत ४ कोटी उरलेले असतात, नफा ३. घरचा पोरगा ७ ला विकला, तर अख्खे ७ नफा. म्हणून पैशाची ओढाताण झाली की आधी घरचेच विकले जातात. चेल्सीने मेसन माउंट विकला, मग कॉनर गॅलाघर.

तेव्हा अंधेरीच्या मैदानावर उद्या एखादा मुंबईचा पोरगा चमकला, तर टाळ्या वाजवाच. फक्त लक्षात ठेवा, वहीच्या हिशेबात सगळ्यात आधी विकण्याजोगा तोच असतो. भेटू पुढच्या भागात!